पाण्यापुरती बरोबरी

दुकानात तेलाचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकावर १५ किलो, दुसऱ्यावर १५ लिटर. लिटरचा डबा स्वस्त दिसतो म्हणून तोच उचलला जातो. एक लिटर खाद्यतेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे त्या डब्यात तेल असतं साडेतेरा किलोंच्या थोडं वर. ‘लिटर काय न् किलो काय, एकच’ हे शिकल्यासवरल्या घरांतही सर्रास ऐकू येतं. मोबाइलवर फिरणाऱ्या पाककृतींच्या तक्त्यांत तर एक वाटी मैदा आणि एक वाटी साखर यांचं वजन सारखंच लिहिलेलं असतं. हा घोळ जुन्या शेर-पायलीच्या सवयीतून आला, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते साफ अमान्य आहे.

भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त गुंज, मासा, कर्ष, पल ही वजनं वेगळी सांगितली आणि धान्याची मापं वेगळी. खारी म्हणजे एक हात लांब, रुंद आणि खोल अशा पेटीत मावेल तेवढं. तिच्या पोटात द्रोण, आढक, प्रस्थ, कुडव. पुढे आपल्या खेड्यांत शेर दोन प्रकारचा असे, मापी आणि वजनी, आणि व्यवहारात कोणता ते आधी ठरे. चार मापी शेरांची पायली. तिला शीग लावायची की वरून हात फिरवून सपाट करायची, हेही बोलून घेत. धान्य उंचावरून ओतलं किंवा पायलीला ठोके दिले की जास्त मावतं, हे माप घालणाऱ्याला पक्कं ठाऊक असे. लबाडी व्हायची ती याच जाणतेपणातून. पण ज्वारीची पायली आणि साळीची पायली वजनाला सारखी, असं कुणी म्हटलं नसतं.

आपण थेट क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये जाऊ, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. १७९५च्या कायद्याने मीटरच्या शंभराव्या भागाचा घन घेतला, त्यात मावणारं बर्फ वितळण्याच्या तापमानाचं शुद्ध पाणी घेतलं आणि त्याच्या वजनाला ग्रॅम म्हटलं. लिटर आणि किलो पाण्याने बांधले गेले. गोष्ट सहसा इथेच संपवतात. खरी गोष्ट ती गाठ सुटण्याची आहे. १७९९मध्ये पाण्याच्या सर्वाधिक घनतेचं, सुमारे ४ अंशांचं तापमान धरून प्लॅटिनमचा दंडगोल घडवला गेला आणि किलो म्हणजे तो धातू, असं ठरलं. पाणी तेव्हाच बाजूला पडलं. १९०१च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तर क्रमच फिरवला: किलो हे वस्तुमानाचं एकक, वजन हे बल, आणि एक किलो पाणी जेवढी जागा व्यापेल तो लिटर. मोजून पाहिलं तर हा लिटर मूळच्या घन डेसिमीटरपेक्षा, म्हणजे मीटरच्या दहाव्या भागाच्या घनापेक्षा, दहा लाखांत २८ भागांनी मोठा निघाला. एवढ्याशा फरकापायी आकारमानाची दोन एककं जगात नांदत होती. १९६४मध्ये ती व्याख्या रद्द झाली, लिटर पुन्हा घन डेसिमीटर झाला, आणि अतिअचूक मोजमापात हे नावच वापरू नये, अशी शिफारस करण्यात आली. ज्यांनी गाठ मारली त्यांच्याच वारसांनी ती सोडवली, कारण जागा आणि द्रव्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आपल्याकडे १९५८पासून दशमान वजनं आली ती मात्र जुन्या गाठीसकट. ‘एक लिटर पाण्याचं वजन एक किलो’ हे आपण घोकलं. पुढे त्यातला ‘पाण्याचं’ हा शब्द गळून गेला.

त्याची किंमत ग्राहक मोजतो. तेल तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंशांना भरलं तर सुमारे ९१९ ग्रॅम, ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. पिशवीवर चढं तापमान छापून लिटर पुरा दाखवता येत असे. २०२२मध्ये केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख काढून लिटरसोबत वजनही छापायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण दुधाचं काय? लिटरभर दूध सुमारे १.०३ किलो भरतं. संकलन केंद्रावर दर किलोचा आणि मोजणी लिटरची असेल, तर शेतकऱ्याचं शंभर लिटरमागे तीन किलो दूध हिशेबात येतच नाही. तिथे पावतीवर दोन्ही आकडे छापायला कुणाची हरकत असावी?