त्याग कोणाचा?

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि त्यांतला निष्काम कर्माचा विचार महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. परंतु ज्या वनरक्षणास आपण निव्वळ सरकारी खात्याचा कारभार समजतो, त्याला त्या विचाराची कसोटी लावून पाहण्याचे आपणांस क्वचितच सुचते.

रानपिंगळ्याचेच पाहा. डेव्हिडसन नामक इंग्रज मुलकी अंमलदाराने १८८४ साली खानदेशात मिळविलेल्या नमुन्यानंतर हा चिमुकला पक्षी शास्त्राच्या दप्तरातून असा बेपत्ता झाला, की त्याचा वंशच संपला असे बहुतेकांनी गृहीत धरले. (मध्यंतरीचा १९१४ सालचा म्हणून मिरवणारा एक नमुना होता, तो मेनर्त्झहागन या गृहस्थांनी खोट्या नोंदीनिशी दडपून दिलेला चोरीचा माल निघाला.) पुढे नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांना तो तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्यानजीक सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, चक्क दिवसाउजेडी झाडावर बसलेला आढळला, नंतर यावलच्या रानातही त्याची नोंद झाली. या एकशे तेरा वर्षांत त्याने कोणाचे कल्याण केले नाही की कोणाचा महसूल वाढविला नाही, आणि जात घुबडाची पडल्यामुळे लोकांच्या लेखी तो अपशकुनीच राहिला. अशा निरुपयोगी जीवासाठी रान राखून ठेवणे, म्हणजे ज्याचे कोणतेही फळ पदरी पडण्याची आशा नाही असे कर्म करणे होय; अभयारण्याचे याहून उदात्त समर्थन मला तरी ठाऊक नाही.

मात्र फळ सोडणारा आणि त्याची किंमत मोजणारा एकच असेल तरच त्यास त्याग म्हणता येते. यावलचे सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे रान १९६९ साली अभयारण्य झाले, शिरपूर तालुक्यात अनेर धरणाभोवतीचे १९८६ साली. त्या हद्दींच्या आतबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पावरा, तडवी आणि भिल्ल कुटुंबांच्या सरपणावर, चराईवर व मोहाच्या फुलांवर त्या दिवसापासून परवानगीचा अंमल बसला. निःस्पृहतेचे श्रेय शहरातल्या आपल्यासारख्यांनी घ्यावे आणि उपवास मात्र पाड्यावरच्या माणसाने करावा, ही वाटणी कोणत्या धर्मशास्त्रात बसते? हुकुमाने त्याग घडत नाही, जप्ती घडते.

म्हणून अतिक्रमणाचे समर्थन करावे असे मुळीच नव्हे. यावलच्या सागावर पडलेली प्रत्येक कुऱ्हाड भुकेचीच होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. लाकडाच्या व्यापाराला भूक नसते, हाव असते. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे, आणि वन्यजीवांसाठी अत्यावश्यक ठरलेल्या क्षेत्रातून कोणास हलवावयाचे तर तिची लेखी संमतीही आवश्यक केली आहे. तेव्हा रानपिंगळ्याच्या संरक्षणाची तजवीज करणाऱ्यांनी पहिली बैठक जिल्ह्याच्या कचेरीत न भरविता पाड्यावर भरवावी, आणि तेथे नकार मिळाला तर तो नकार म्हणूनच नोंदवून घ्यावा.