घरची गोष्ट परक्याला सांगावी काय?

दिव्य कुरआनने पती-पत्नींना एकमेकांचा पोशाख म्हटले आहे (२:१८७). पोशाख अंगाला ऊब देतो, शोभा देतो आणि शरीरावरील व्रण लोकांच्या नजरेपासून झाकून ठेवतो. म्हणूनच आपल्या घराघरांतून वडीलधारी माणसे सांगत आली, की घरची गोष्ट उंबऱ्याच्या आतच राहावी.

आज हा उंबरा भ्रमणध्वनीने ओलांडला आहे. पती कुवेतला आणि पत्नी रत्नागिरीजवळच्या खेड्यात. महिनोन्‌महिने दोघांत धड संवाद नाही. मुंब्र्यातील दोन खोल्यांच्या घरात सासू-सुनेचे पटत नाही आणि मुलगा दोघींच्या मध्ये सापडला आहे. अशी माणसे आता ऑनलाइन समुपदेशकाशी बोलू लागली आहेत. कोणी शुल्क भरून ठरलेल्या वेळी बोलतो, तर कोणी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर. मग धार्मिक वृत्तीच्या मनात प्रश्न उभा राहतो: जोडीदाराचे दोष एका अनोळखी माणसासमोर मांडणे म्हणजे पोशाख उतरवणे नव्हे काय? ही गिबत नव्हे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुरआनने गिबतीला मृत भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे (४९:१२). सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, पत्नीशी एकांत साधून नंतर तिचे गुपित फोडणारा पुरुष कियामतच्या दिवशी अत्यंत वाईट स्थानी असेल. तेव्हा गुप्ततेचा आग्रह हा जुनाट संकोच नाही. तो दीनचाच भाग आहे.

परंतु त्याच कुरआनात एक संपूर्ण सूरह एका पत्नीच्या तक्रारीने सुरू होते. ह. खौला बिन्ते सअलबा (रजि.) यांच्या पतीने, ह. औस बिन सामित (रजि.) यांनी, रागाच्या भरात त्यांना आईसमान ठरवले. त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या आणि आपले गाऱ्हाणे मांडू लागल्या. ह. आयशा (रजि.) सांगतात, की त्या स्वतः घराच्या एका कोपऱ्यात होत्या, तरी त्या स्त्रीचे काही शब्द त्यांना ऐकू येत नव्हते, अल्लाहने मात्र ते ऐकले. सूरह मुजादलाचा आरंभ याच घटनेने होतो.

या प्रसंगात आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. खौला गप्प बसल्या नाहीत आणि त्यांनी मदीनेच्या बाजारात बोभाटाही केला नाही. जो उपाय सांगू शकतो त्याच्याकडे त्या गेल्या आणि हलक्या आवाजात बोलल्या. शेवट काय झाला? संसार मोडला नाही. अबू दाऊदमधील कथनानुसार, पतीच्या प्रायश्चित्तासाठी लागणाऱ्या खजुरांत आपलाही वाटा घालण्याची तयारी त्यांनीच दाखवली. त्यांच्या तक्रारीचा हेतू सुधारणेचा होता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

ह. हिंद (रजि.) यांनीही पती अबू सुफियान हात आखडून खर्च देतात, अशी तक्रार केली. प्रेषितांनी (स.) त्यांना गिबतीबद्दल टोकले नाही; स्वतःला व मुलांना पुरेल इतके रीतीनुसार घेण्याची अनुमती दिली. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये अनुपस्थिताचा दोष सांगणे ज्या सहा प्रसंगी योग्य ठरते ते नोंदवले आहेत. अन्यायाविरुद्ध दाद मागणे, वाईट थांबवण्यासाठी मदत घेणे आणि धर्मनिर्णय विचारणे हे त्यांत आहेत.

म्हणजे कसोटी तीन गोष्टींची आहे: हेतू, ऐकणारा आणि प्रमाण. मैत्रिणींच्या गटात पतीची टिंगल करणे आणि जाणकारापुढे दुखणे मांडणे यांत शब्द तेच असू शकतात, कर्म मात्र निराळे होते. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, असे हदीस सांगते. आणि वैद्यकीचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्याला झालेल्या हानीसाठी जबाबदार धरले आहे. म्हणून समुपदेशकाचे शिक्षण कोणते, तो आपले बोलणे नोंदवून ठेवतो काय, ती नोंद कोणाच्या हाती जाते, हे आधी विचारणे हा अविश्वास नव्हे, कर्तव्य आहे. घरची गोष्ट दोघांची असते. एकाला ती उधळण्याचा अधिकार नाही. आणि गरज असेल तेवढेच सांगावे. खर्चाचा वाद सोडवताना शयनगृहातील गोष्टी काढण्याचे कारण नाही.

आणखी एक धोका ध्यानात घ्यावा. ह. अली (रजि.) यांना यमनला पाठवताना प्रेषितांनी (स.) ताकीद दिली, की दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नका. फोनवरचा समुपदेशक बहुधा एकाच बाजूचे ऐकतो. तो बोलणाऱ्याला स्वतःचे वर्तन सुधारण्याचा मार्ग दाखवू शकतो. न पाहिलेल्या पतीवर किंवा सासूवर दोषाचा शिक्का मारू शकत नाही. समुपदेशनानंतर ‘मी काय करू?’ हा प्रश्न स्पष्ट झाला असेल तर ते लाभले. ‘तोच वाईट’ एवढेच समाधान पदरी पडले असेल, तर ती पैसे मोजून केलेली गिबत ठरण्याची भीती आहे.

कोणी म्हणेल, कुरआनने तर दोन्ही कुटुंबांतून एकेक हकम, म्हणजे मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे (४:३५). खरे आहे, आणि तो मार्ग सोडू नये. समुपदेशकाचा फोन बंद होतो; ईदला शीरखुर्मा घेऊन येणारे मामू मात्र आयुष्यभर सोबत असतात. तथापि त्याच आयतीत यशाची सांगड समेटाच्या इच्छेशी घातली आहे. मध्यस्थच भांडणातील पक्षकार असेल, किंवा ऐकलेले पुढच्या लग्नाच्या पंगतीत वाढत असेल, तर त्याने हकम होण्याची पात्रता गमावली. रात्री गच्चीवर जाऊन दबक्या आवाजात अनोळखी माणसाशी बोलणाऱ्या सुनेला दोष देण्यापूर्वी आपण विचारावे: घरातील किती माणसांनी तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले होते?

जेथे मारहाण व छळ आहे, तेथे मात्र ‘सब्र कर’ एवढाच सल्ला देणे हे जुलमाला साहाय्य होय. तेथे महिला हेल्पलाइन १८१ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. सब्र म्हणजे सत्यावर टिकून राहणे. मार खात मुके होणे नव्हे.

अल्लाह आपल्या घरांत ऐकणारे कान आणि गुपित राखणारी मने निर्माण करो, आणि मदत मागणाऱ्याला शुद्ध हेतू देवो. आमीन.