धुराड्याचं पाणी

आमचं वडीगोद्रीचं जुनं घर माळवदाचं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तिकडं माणसं घराच्या मातीखाली गाडली गेली, आणि इकडं आमच्याही मनात डोक्यावरच्या मातीची धास्ती बसली. दोन-तीन वर्षांनी माती उतरवली, वासे टाकले आणि एका पाडलेल्या इमारतीची जुनी मंगलोरी कौलं आणून घातली. तोवर आम्ही भाऊ वेगळे झालो होतो. मधी भिंत, वर छप्पर मात्र एकच. भिंतीलगत माझी चूल, तिच्यावर पत्र्याचं धुराडं.

पहिल्याच पावसाळ्यात धुराड्याच्या कडेनं पाणी चुलीत टपकायला लागलं. मी वर चढलो आणि नळीच्या वरच्या अंगाला सिमेंटचा बांध घातला, जरा भावाच्या बाजूला कलता. चूल कोरडी झाली. आठ दिवसांनी भावाच्या खोलीत गळायला लागलं.

मंगलोरी कौलाच्या कडेला खाचा असतात. वरून खाली येणारं पाणी त्या सांभाळतात. आडवं आलेलं पाणी त्यांच्यावरून आत शिरतं. माझ्या बांधानं पाणी आडवं वळवलं होतं. हे मला तेव्हाच कळलं. जायकवाडीच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे कळायला शाळा लागत नाही. आपला बांध उचलला की शेजाऱ्याचं काळं रान चिबडतं.

भावाची दोन पोती ज्वारी भिजून काळी पडली. त्यानं कौलं बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावून चारचौघांत झापलं, राहिलेले पैसेही दिले नाहीत. मिस्त्री एकेक कौल उचलून बघत होता. मी अंगणात बैलांना वैरण टाकत होतो.

दिवाळीनंतर मी सिमेंट फोडलं. नळीभोवती पत्रा बसवला, त्याची वरची कड वरच्या कौलाखाली सारली, खालची कड खालच्या कौलावर सोडली. सगळी मेख एवढीच. भाऊ खाली शिडी धरून होता. म्हणला, "दादा, तुम्ही होते म्हणून झालं. त्या मिस्त्रीला काहीच येत नव्हतं." मी नुसतं "हूं" केलं.

सुगीला दोन पोती ज्वारी त्याच्याकडं टाकली, जास्तीची झाली म्हणून. कारभारीण म्हणते, भरून दिलं ना, मग आता उकरायचं कशाला? भावाभावांत वाकडं येईल, ही तिची भीती खोटी नव्हती. मलाही बरीच वर्षं तेच पटायचं. चूक दुरुस्त केली की फिटली. पण ज्वारीचं देणं ज्वारीनं फिटतं. मिस्त्रीच्या कामाला गावात जे नाव ठेवलं गेलं, ते कोणत्या पत्र्यानं झाकायचं? तिथं फक्त माझं बोलणं कामाला येणार होतं, आणि तेवढंच मी दिलं नाही. छप्पर नीट केलं, ठपका मात्र त्याच्याच अंगणात पडू दिला.

मिस्त्री वारल्यावर मी भावाला सांगितलं. तो रागावला नाही. बराच वेळ वरच्या वाशांकडं बघत बसला, मग म्हणला, "त्याचे किती राहिले होते?"

दोघं मिळून मिस्त्रीच्या पोराकडं गेलो. पोरानं पैसे हातात घेतले अन् विचारलं, "काका, कशाचे?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. सांगायचं मलाच होतं.