एका वर्षाचे दोन निकाल

न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी १९७५ साली दोन महिन्यांच्या आत दोन महत्त्वाची निकालपत्रे लिहिली. जानेवारीत राजनारायण खटल्यात त्यांनी सांगितले की, सरकारी पदावरून जे काही केले जाते ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. मार्चमध्ये गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात प्रश्न होता पोलिसांच्या पाळतीचा आणि घरी येऊन होणाऱ्या तपासणीचा. तिथे नियम टिकले, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असू शकतो, हे न्यायालयाने गृहीत धरले. दोन्ही हक्कांचा रोख सत्तेकडेच होता. पुढच्या पन्नास वर्षांत ते एकमेकांसमोर उभे कसे ठाकले, हे मला फार अस्वस्थ करते.

डिसेंबर १९९४. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेची जनसुनावणी भरली. सरकारी कामांचे कागद गावासमोर वाचले जाऊ लागले. हजेरीपटात काय असते? माणसाचे नाव, कामाचे दिवस, मिळालेली मजुरी. म्हणजे सगळा वैयक्तिकच तपशील. पण तो मोठ्याने वाचल्याशिवाय, ज्याने फावडे हातात धरलेच नाही त्याच्या नावावर पैसे कुणी उचलले, हे कळणार कसे? ज्याचे नाव वाचले जात होते तोच मजूर ऐकायला समोर बसला होता. त्याला लपवायचे काहीच नव्हते. त्याच वर्षी राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सार्वजनिक दप्तरात आलेली गोष्ट खासगी राहत नाही. मात्र लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीचे नाव त्यातून वगळले. हा अपवाद मला त्या निकालाचे मर्म वाटतो, कारण तो दुबळ्याच्या बाजूने केलेला आहे.

गोव्याने १९९७ मध्येच माहितीच्या हक्काचा कायदा केला, महाराष्ट्रानेही केंद्राआधी केला. केंद्राचा कायदा आला २००५ मध्ये. त्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये तराजू होता: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडत असेल, तरच नकार. त्यातही व्यापक जनहित दिसले तर माहिती द्यायची. शिवाय, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही.

२०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, ते योग्यच झाले. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमातला तराजूच काढला. आता तिथे उरले आहे ते फक्त ‘वैयक्तिक माहिती’. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती लागूही आहे. माहितीच्या कायद्यातल्या कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग शिल्लक आहे, पण मागणाऱ्याला आता आधी सरसकट नकार ओलांडून तिथवर पोहोचावे लागेल. नागरिकासाठी घडवलेली ढाल अशी कार्यालयाच्या हाती जाते.

तराजू काढण्याची गरज नव्हती. माहितीच्या कायद्याच्याच कलम १० नुसार कागदातला झाकण्याजोगा भाग झाकून उरलेला देता येतो. लाभार्थ्यांच्या यादीतला बँक खात्याचा क्रमांक, फोन, आजाराचा तपशील झाका. नाव, गाव आणि दिलेली रक्कम मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर राहू द्या.