कोरड्या पात्राचे धर्मशास्त्र

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील डोंगरांत उगम पावून म्हसवड, आटपाडी आणि सांगोला या पर्जन्यछायेच्या मुलखातून भीमेकडे जाणारी माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. तरीही काठची माणसे तिला माणगंगाच म्हणतात, आणि म्हणूनच पाणी नसलेल्या पात्राला नदीपण कोणत्या आधारावर द्यावे, हा प्रश्न येथे केवळ तर्काचा राहत नाही.

निबंधग्रंथांत, म्हणजे स्मृतिवचने विषयवार लावून त्यांचा निर्णय करणाऱ्या मध्ययुगीन ग्रंथांत, या प्रश्नाला उपयोगी अशी दोन वचने आढळतात. पहिल्यानुसार जिची गती आठ हजार धनुष्यांहून, म्हणजे सुमारे चौदा किलोमीटरांहून, कमी आहे ती नदी नव्हे, नुसता गर्त होय. येथे अट लांबीची आहे, बारमाही पाण्याची नाही. दुसरे वचन गंगेविषयी असून अधिक सूक्ष्म आहे. भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाणी जिथवर पोहोचते तो नदीचा गर्भ, त्यापुढे दीडशे हात तीर आणि त्याही पलीकडे क्षेत्र, अशी सीमा त्यात आखलेली आहे. नदीचे शरीर तिच्या भरतीने मोजायचे, ओहोटीने नव्हे, असा याचा अर्थ होतो. गंगेचा हा नियम माणेला लावणे म्हणजे मीमांसकांच्या भाषेत अतिदेश, अर्थात एका ठिकाणी सांगितलेला धर्म तत्सदृश दुसऱ्या ठिकाणी नेणे होय. महाराष्ट्राच्या अमान्त पंचांगात ही तिथी सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, उत्तरेच्या गणनेहून महिनाभर उशिरा येते, आणि माणदेशाची भिस्तही परतीच्या पावसावरच असते. तेव्हा हा अतिदेश गंगेपेक्षा माणेलाच अधिक शोभतो, असे कोणी म्हटल्यास त्याला हसता येणार नाही.

हे मान्य केले तर चैत्रातले कोरडे पात्रही गर्भच ठरते, आणि नदीच्या ऱ्हासाचा विचार पाण्याच्या पातळीपुरता मर्यादित राहत नाही. पुराचे पाणी वाळूच्या थरांत साठते, तेथून काठच्या विहिरींना पाझरते, आणि उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून भांडे भरता येते ते याच साठ्यामुळे. वाळूचा बेसुमार उपसा झाला की पाऊस तेवढाच पडूनही हा साठा उरत नाही. पाऊस न पडणे हे दैव म्हणता येईल, पण वाळू ट्रॅक्टरने वाहून नेणे हे कर्तृत्वच आहे, आणि धर्मशास्त्रात दोष कर्त्याला लागतो.

कराडजवळ कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेने मात्र या वचनाची मर्यादा उघड केली आहे. पंपांनी आणलेले पाणी कोठवर पोहोचेल हे तिथी ठरवत नाही. ते आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, आणि वीजबिलाचा भरणा ठरवतो. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने 1993 पासून आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी समन्यायी वाटपाची, म्हणजे जमीन किती आहे हे न पाहता प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क देण्याची, मागणी रेटली. जुन्या वचनांत स्नान, दान आणि तीर्थवास यांचे नियम तपशिलाने येतात, पण भूमिहीनाचा वाटा कोठेही मोजलेला नाही. या बाबतीत पाणी परिषदेचा ठराव स्मृतीच्या पुढे गेला आहे.