ऑगस्टचं पान

वाईतल्या एका पतसंस्थेने दिवाळीनंतर ठरवलं, की येत्या कॅलेंडरवर देवादिकांऐवजी गावाचे फोटो छापायचे. बारा महिने, बारा पानं, सगळी वाईची. काम गावातल्या एका तरुण फोटोग्राफरकडे गेलं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. पोराचा कॅमेरा चांगला होता, नजर त्याहून चांगली. पँगाँगच्या निळ्या पाण्याचा त्याचा फोटो पुण्याच्या एका प्रदर्शनात लागला होता.

घरी येऊन त्याने हार्ड डिस्क उघडली. लडाखचे फोटो हजारांनी, जैसलमेरच्या वाळूचे तितकेच. वाईच्या फोल्डरात मात्र फक्त लग्नं आणि बारशी. गोम अशी, की लडाखचा हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका आपला पावसाळा. राजस्थानला जायचं डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे इकडे कृष्णेवर धुकं उतरतं तेव्हा. गाव ज्या ज्या वेळी देखणं व्हायचं, त्या त्या वेळी हा गावाबाहेर असायचा.

नोव्हेंबरचं पान सहज झालं. पावसाने हवेतली धूळ धुऊन नेलेली असते, त्यामुळे पांडवगडाची कड लांबूनही रेखीव दिसते. आजूबाजूचे एकदोन महिने त्यातच निभावले. ऑगस्ट मात्र अडला. चेअरमनसाहेबांना तिथे ढोल्या गणपती हवा होता, आणि तोही भरल्या नदीतला. 1762 साली सरदार रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. ही भिंत अशी का, हे एरवी पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. पुरात ते आपसूक कळतं.

आता नोव्हेंबरात पूर आणायचा कुठून? पोराने सॉफ्टवेअरचा आधार घेतला. वाळलेलं गवत हिरवं केलं, आकाशात लडाखच्याच फोटोतले काळे ढग आणून बसवले आणि पुराचं नाही तर नाही, निदान श्रावणाचं म्हणून चित्र घेऊन गेला. चेअरमन खूश झाले. चहा ठेवायला आलेले शिपाईमामा मात्र टेबलापाशी रेंगाळले.

“साहेब, श्रावणात कृष्णामाईचं पाणी असं नितळ असतंय व्हय? तांबडंलाल गढूळ असतंय. अन् एवढं आभाळ भरलंय, तर पायऱ्यांवर सावली कुठनं पडली?”

कोणी बोललं नाही. मामांनीच पुढे सुचवलं, “शाळेतल्या बाईंकडं जावा. रोज सकाळी घाटावर असत्यात.”

बाईंनी त्याला तिसरीत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं, म्हणून त्या पहाटे घाटापर्यंत जात आणि पुण्यातल्या नातवाला तिथला एक फोटो पाठवत. फोन साधा, त्याची काच तडकलेली. बरेचसे फोटो तिरके, काहींत बाईंचं बोट. पण वर्ष मात्र सगळं होतं. पौषातल्या धुक्यात बुडालेलं देऊळ आणि वर नुसतं शिखर. शिवारात हळद शिजवायच्या कढईवरची वाफ. फाल्गुनातला पळस. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य वाईच्या थेट डोक्यावर येतो, त्या दुपारी घेतलेला खांब, ज्याची सावली त्याच्याच बुडाशी गोळा झालेली. आणि ऑगस्टातला पूर.

“बाई, हा उजेड तुम्हाला बरोबर सापडला कसा?”

“मी गुडघ्यासाठी जाते रे,” बाई म्हणाल्या. मग बसून त्याला समजावू लागल्या. थंडीत सूर्य आग्नेयेकडून वर येतो, उन्हाळ्यात सरकत सरकत ईशान्येकडे जातो, त्यामुळे पहिलं ऊन दर महिन्याला वेगळ्या पायरीवर पडतं. “संक्रांतीला कुठे होतं आणि होळीला कुठे आलं, हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवायची. तूही होतास वर्गात.”

पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला. फक्त एवढंच म्हणाल्या, की तिरके आलेत ते सरळ करून दे. त्याने बाकीचे केलेही. पुराचा फोटो सरळ केला, तर दुभंगलेलं पाणी जिथे पुन्हा एक होतं, तोच कोपरा कापला जात होता. तो तिरकाच ठेवला आणि तिरकाच छापला.

पुढच्या ऑगस्टात पोरगा वाईतच राहिला. सगळे सांगत होते, यंदा वरचं धरण लवकर भरणार, म्हणजे नदीला पाणी सुटणार. पूर काही आला नाही. रेनकोट घालून तो घाटावर थांबायचा आणि परत यायचा. पण ढगाळ दिवसांत सावली नसते, ओला काळा पाषाण आणखी काळा होतो आणि धुणं धुणाऱ्या बाईचं लाल लुगडं पंचवीस पावलांवरून पेटल्यासारखं उठून दिसतं, हे त्याला त्याच महिन्यात दिसलं. कास पठाराचा 2012 साली जागतिक वारशात समावेश झाला, तेव्हापासून तिथल्या फुलांसाठी गाड्यांची रीघ लागते. तसाच गुलाबी तेरडा त्याला पसरणीच्या घाटात, रस्त्याच्या कडेला, गर्दीशिवाय मिळाला. माझ्या मते त्याचे आजवरचे सर्वांत चांगले फोटो हेच, पँगाँग धरूनसुद्धा.

पुराचं मात्र त्याचं स्वतःचं पान अजून झालेलं नाही. बाई म्हणतात, येईल एखाद्या साली.

तुम्ही वाईला जाणार असाल, तर सातच्या आत घाटावर पोचा. नंतर गाड्या लागतात आणि ऊन पांढरं पडतं.