पानांचा कौल

कठीण निर्णय पुढे उभा राहिला की माणूस विचारत सुटतो. वडीलधाऱ्यांना विचारतो, मित्राला विचारतो, आणि कोणाच्याच उत्तराने समाधान होईना म्हणजे मुक्या वस्तूला विचारतो. अलीकडे मुंबई-पुण्याकडच्या शिकल्यासवरल्या घरांतून टॅरो नावाची पाने काढून विचारण्याची चाल पडली आहे. भविष्य सांगणाऱ्यांचे तोंड पाहायलाही तुकोबाराय राजी नव्हते. तेव्हा आपल्या मंडळींनी या वाटेला जावेच कशाला, असे कोणी म्हणेल. पण हसून मोकळे होणे सोपे. हसणारा गृहस्थच उद्या मुलीची पत्रिका घेऊन चार ज्योतिषी पालथे घालतो! म्हणून प्रश्न जरा नीट धरू. दोन-तीन पाने शेजारी मांडून त्यांतून निर्णय काढतात, तो काढतो कोण? पाने, सांगणारा, की विचारणारा?

आधी ही पाने आली कोठून ते पाहावे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानसारख्या शहरांतून, श्रीमंतांच्या घरी ती खेळायला म्हणून निघाली. एकूण पाने ७८. त्यांतली ५६ आपल्या पत्त्यांसारखीच चार रंगांची : चषक, तलवारी, नाणी आणि काठ्या. उरलेली २२ चित्रांची. त्यांतला एक विदूषक सोडला तर बाकीची २१ म्हणजे चक्क हुकमाची पाने. आपण हुकूम मारतो तसाच तिथे हुकूम मारीत. फ्रान्स, इटली आणि ऑस्ट्रियात हा खेळ आजही खेळतात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली या खेळाचा मोठा इतिहास लिहिला. अठराव्या शतकाआधी या पानांवरून कोणी भविष्य सांगत होते, याला पुरावा जवळजवळ नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

मग ही विद्या झाली कशी? पॅरिसमध्ये १७८१ साली कूर द जेबलॅं नावाच्या विद्वानाने जाहीर केले की या पानांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे. गंमत अशी की इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंने ती उलगडली १८२२ साली. म्हणजे ग्रंथ वाचता येण्याच्या चाळीस वर्षे आधी त्याचा अर्थ सांगून झाला होता! पुढे लंडनमध्ये १९०९ साली आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने नवी पाने काढली आणि साध्या आकड्यांच्या पानांवरही माणसे, डोंगर, नद्या, घरे आली. आज जी पाने जिकडे तिकडे दिसतात ती बहुधा याच घराण्यातली. चित्रे सुरेख आहेत, त्यात वाद नाही.

आता मुख्य गोष्ट. एकट्या पानाचा अर्थ पुस्तकात सापडतो, पण जाणकार सांगतात की खरा अर्थ पाने एकमेकांशेजारी आली म्हणजे उमटतो. तलवारी जास्त आल्या तर कलह, चषक जास्त आले तर मनाचा ओढा, मोठी चित्रे जास्त आली तर गोष्ट आयुष्याच्या मोलाची. पान उलटे पडले तर अर्थ फिरला किंवा अडला. नुसती तीन पाने क्रमाने मांडायची म्हटली तरी ४,५६,४५६ प्रकारे मांडता येतात. उलटसुलट धरली तर ३६,५१,६४८. इतक्या जुळण्यांचे अर्थ कोणत्या पुस्तकात मावणार? ते त्या त्या वेळी बसवावे लागतात.

समजा, ठाण्याला नोकरी करणारी एक बाई आहे. गावी म्हातारी आई पाय मोडून अंथरुणाला खिळलेली. नोकरी सोडून गावी जावे, की आईची इच्छा नसताना तिला ठाण्याला आणावे? तिने तीन पाने काढली. पहिले नाण्यांची चौकडी : मुकुट घातलेला माणूस एक नाणे छातीशी कवटाळून, दोन पायांखाली दाबून आणि एक डोक्यावर घेऊन बसला आहे. दुसरे तलवारींची दुरी : डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई, हातांची घडी, दोन्ही खांद्यांवर तलवारी, मागे समुद्र. तिसरे चषकांची अठ्ठी : रचलेले आठ चषक मागे ठेवून एक माणूस काठी टेकीत डोंगराकडे चालला आहे, वर चंद्र.

एक सांगणारा म्हणेल, “बाई, तुम्ही पगार कवटाळून बसलात. डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलीत. आता रचलेलं सोडा आणि निघा, गावी जा.” दुसरा तीच पाने, त्याच क्रमाने पाहून म्हणेल, “घर कवटाळून बसली आहे ती तुमची आई. दोघींनी एकमेकींवर तलवारी धरल्यात. आणि हे चषक बघा, वरच्या ओळीत एक जागा मोकळी आहे. तुमचं रचून पुरं झालेलं नाही. आत्ता निघालात तर रात्रीच्या अंधारात निघाल. आईला इकडे आणा.” दोघांपैकी कोणीही खोटे बोलला नाही. जुळणीचे नियम दोघांनीही पाळले. फरक एवढाच की नाणी कवटाळणारा कोण, हे एकाने एक धरले आणि दुसऱ्याने दुसरे. ते पानावर कुठे लिहिलेले नव्हते.

तरीही ऐकणाराला वाटते, “अगदी माझंच सांगितलं!” याचेही कारण शोधून झाले आहे. अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे म्हणून वर्णन दिले आणि पाचापैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. वर्णन मात्र सर्वांना एकच दिले होते, आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

येथे पानांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. दुसऱ्या सांगणाऱ्याने “आणा” म्हटल्याबरोबर त्या बाईला हायसे वाटले, तर त्या हायसे वाटण्याला किंमत आहे. तिचे मन कोणीकडे झुकले होते, हे तिला तोवर कळत नव्हते. वेट यांनी दिलेल्या दहा पानांच्या मांडणीत नववी जागा तर आशा आणि भीती यांची, दोन्हींची मिळून एकच! ज्याने ती ठरवली त्याला माणसाचे मन ठाऊक असले पाहिजे. चांगला सांगणारा स्वतः फार बोलत नाही, “या चित्रात तुम्हाला काय दिसतं?” असे विचारतो. ज्याला घरात मन मोकळे करायला माणूस नाही, त्याला एवढाही आधार थोडा नव्हे.

पण मन कोणीकडे झुकले हे कळणे वेगळे आणि काय करणे योग्य हे कळणे वेगळे. आईला आणावेसे वाटते, हे समजले. आई काय म्हणते? तिला तिच्या ओटीवरून उचलून तिसऱ्या मजल्यावर ठेवले तर ती कशी राहील? गावापासून दवाखाना किती लांब? भाऊ आहे, तो दरमहा काय देईल, की नुसतीच चौकशी करील? रजा किती शिल्लक आहे? यांतले एकही पानांत नाही. पानांत आईच नाही. जिच्या आयुष्याचा प्रश्न, तिला न विचारता तिच्याविषयी पाने पिसली जातात, हे मला या प्रकारात सर्वांत खटकते. गीता सांगून झाल्यावर भगवंतांनीही अर्जुनाला, सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल ते कर, असे म्हणून निर्णय त्याच्याच पदरात टाकला. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी तो आपल्यासाठी घ्यावा, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

म्हाल, “आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, ते काय वेगळं?” शंका रास्त आहे. कौलाने खरे कळते की नाही, हा वाद बाजूला ठेवू. त्याची रीत तेवढी पाहू. देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, प्रश्न चारचौघांत मोठ्याने सांगतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे आधीपासून सर्वांना ठाऊक. पाकळी पडल्यावर अर्थ शोधीत बसावे लागत नाही. टॅरोत पान आधी पडते आणि अर्थ मागून ठरतो. म्हणून पानाला कधी चूक ठरवताच येत नाही.

चिठ्ठी टाकणे तर याहून सरळ. दोन भावांत शेताचे सारखे वाटे पाडले, आता कोणता कोणाचा? टाका चिठ्ठ्या. चिठ्ठी ज्ञानाचा आव आणीत नाही. दोघांनी आधी मान्य केले एवढेच तिचे बळ. प्राचीन अथेन्समध्ये कितीतरी अधिकारी असेच निवडीत, आणि न्यायसभेचे पंच निवडायला खाचा पाडलेले दगडी यंत्रच होते. जिथे दोन्ही बाजू खरोखर समान आहेत आणि कोणावर अन्याय होत नाही, तिथे चिठ्ठीत कमीपणा नाही. त्या बाईपुढच्या दोन वाटा मात्र तशा समान नाहीत. एकीत आईचे मन मोडते, दुसरीत घरची मिळकत बंद होते. त्यांचे वजन कोणाला तरी करावेच लागते.

अलीकडे तर सांगणाराही लागत नाही. फोनवर बोट ठेवले की पाने पिसली जातात आणि तीन चित्रे समोर उभी राहतात, खाली अर्थ छापलेला. रात्री घर निजल्यावर पांघरुणात बसून माणूस विचारतो. उत्तर रुचले नाही की पुन्हा बोट ठेवतो, पुन्हा तीन नवी पाने. सांगणारा समोर असता तर तिसऱ्या वेळी म्हणाला असता, “अहो, तुम्हाला जे ऐकायचं आहे ते सांगून टाका ना!” फोन काही म्हणत नाही. तो पाने काढून देत राहतो, आणि गावी आई अजून कोणी काही विचारील म्हणून वाट पाहत असते.